कोर्टापुरता थरथरणारा हात

दातांच्या डॉक्टरला हात थरथरण्याचा आजार जडला तो वकिलाच्या ऑफिसातून खाली उतरताना, जिन्यात. वर होता तोवर हात ठणठणीत होता. वकिलानं पुढे केलेला चहाचा कप त्यानं त्याच हातानं घेतला होता, आणि पोटगीचा विषय निघाल्यावर तोच हात टेबलावर आपटलाही होता. जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत मात्र आजार पक्का झाला, आणि स्वतःच्या हुशारीवर हा गृहस्थ इतका खूश झाला की कोपऱ्यावर थांबून त्यानं एकट्यानंच हसून घेतलं.

त्याच्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला उगाच त्याची कीव येईल. तेवढी त्याची लायकी नाही.

कामात तो वाघ होता, हे कबूल केलंच पाहिजे. कितीही वाकडी, रुसून बसलेली दाढ असो, पेशंटनं डोळे मिटून उघडेपर्यंत ती बाहेर. लांबलांबून लोक यायचे. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या दारापलीकडे घर. बाहेरच्या बाकावर माणसं गालाला रुमाल लावून बसायची, आणि काउंटरवर त्याची थोरली बहीण नावं लिहून घ्यायची. तिला अख्खी गल्ली ताईच म्हणायची. तिनं लग्न केलं नाही, याला शिकवलं, डॉक्टर केलं. कशाला केलं, असं अलीकडे तिलाही वाटायला लागलं होतं.

कारण दुसऱ्याच्या तोंडातून हात बाहेर आला की हा माणूस कामातून गेलेला. कंजूषपणा म्हणावा तर त्यालाही काही रीतभात असते. याच्या घरात तेलाची बाटली संपली तर ती का संपली याचा खुलासा बायकोला द्यावा लागे. पोरीच्या बुटांचा तळ फाटला तर तो आधी बोट घालून बघायचा, खरंच फाटलाय की हट्ट चाललाय. बायकोनं पंधरा वर्षं खुलासे दिले. मग एके दिवशी तिनं एका बालवाडीत चित्रं शिकवायची नोकरी धरली, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि मुलीला घेऊन निघून गेली. बाहेरख्याली नाही, दारू नाही, मारहाण नाही. तेवढी धमक त्याच्यात नव्हतीच. ती वैतागली होती, बस्स. हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. 'हिला कमी काय केलं मी?' असं तो येईल त्या पेशंटला विचारायचा, आणि पेशंटच्या तोंडात ड्रिल असल्यामुळे कुणी उत्तर द्यायचं नाही.

बायकोला घटस्फोट हवा होता आणि फारसं काही नको होतं. घर मागितलं नाही. मागून उपयोगही नव्हता, कारण घर त्यानं घेतानाच ताईच्या नावावर केलं होतं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना. असा दूरदर्शी माणूस. बायकोनं मागितली ती फक्त मुलीची पोटगी. पोर आठवीत होती, बालवर्गापासून एकाच शाळेत, आणि त्या शाळेवर तिचा जीव होता. तिथं खरी प्रयोगशाळा होती, आणि एका बाई शिक्षिकेनं तिला सूक्ष्मदर्शकाचं असं काही वेड लावलं होतं की कांद्याचा पापुद्राही ती काचेवर घालून बघायची. बालवाडीच्या पगारात ती शाळा बसत नव्हती. बापानं हात सैल सोडला तर शाळा राहणार, नाहीतर सुटणार, एवढी साधी गोष्ट होती. त्यालाही ती माहीत होती.

'उत्पन्न लपवता येणार नाही,' वकील म्हणाला होता. 'तुमच्या मिसेस सुरुवातीची काही वर्षं काउंटरवर बसायच्या. दवाखान्यात काय येतं ते त्यांना तोंडपाठ आहे. आता तुम्हाला कामच करता येत नसतं, तर गोष्ट वेगळी होती.'

हे तो सहज म्हणाला. म्हणजे वकील जितकं सहज म्हणतात तितकं.

झालं. घरी येऊन डॉक्टरनं तालीम सुरू केली. आरशासमोर उभा राहून पाण्याचा ग्लास उचलायचा आणि हिंदकळवायचा. नुसतं थरथरणं कुणालाही जमतं, पण हा पडला शिकलेला. हात मांडीवर असताना शांत आणि काही उचलायला गेला की थरथरणारा, असा प्रकार त्यानं निवडून काढला, कारण दाताच्या डॉक्टरला घरी बसवणारा प्रकार तोच. बाकावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशंटचा हात तसा हलायचा. त्या बिचाऱ्याला त्यानं तीन वेळा विनाकारण बोलावून घेतलं, समोर बसवून चहा पाजला आणि तो कप कसा धरतो ते डोळ्यांत साठवलं. फुकट चहा पाजण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

'काल डावा हलत होता,' ताई जेवताना म्हणाली.

'काल मी दमलो होतो,' तो म्हणाला, आणि उजवा हलवू लागला.

कॉलेजातला एक दोस्त मेंदूचा डॉक्टर होता. त्याच्या दोन दाढा फुकटात भरून दिल्यावर त्यानं सर्टिफिकेट दिलं. विद्वानांचं असं जमतं एकमेकांत.

कोर्टात तारीख होती त्या दिवशी हॉलमधली सगळी बाकं भरलेली होती. कुणाचा नवरा पळालेला, कुणाची सासू पोर देत नव्हती. सगळी माणसं आपापल्या दुःखाला टेकून बसलेली, आणि स्वतःची पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं कान देऊन ऐकणारी. डॉक्टर उभा राहिला. बायकोच्या वकिलानं त्याला टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायला सांगितलं. तो वकील बिचारा सापळा लावायला गेला आणि स्वतःच अडकला. डॉक्टरनं असा काही ग्लास उचलला की निम्मं पाणी शर्टावर, थोडं कारकुनाच्या कागदांवर, आणि जे घशात गेलं त्यानं ठसका. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. 'बसा डॉक्टर, बसा,' त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात माया होती. खोट्या माणसाला अशी माया पटकन मिळते.

बायको त्याच्या हाताकडे बघत होती. तिला विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, 'हा हात थरथरत नाही.'

'पुरावा?' बाईंनी विचारलं.

आता हात थरथरत नाही याचा पुरावा कुणी कुठून आणावा? पोटगी ठरली ती इतकी किरकोळ, की त्याच्या वकिलालाही ती वाचताना जरा चाचरायला झालं. पुढच्या महिन्यात पोरीची शाळा सुटली, आणि घराजवळच्या, पैसे न लागणाऱ्या शाळेत तिचं नाव गेलं. डॉक्टर त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या कठड्याला धरून, थरथरत उतरला. बाहेर त्याची गाडी उभी होती, पण थरथरत्या हाताचा माणूस गाडी चालवत कसा जाणार? तिथंच ठेवून भाड्याच्या गाडीनं घरी आला. त्या भाड्याचं दुःख त्याला आठवडाभर पुरलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. कोर्टात बसलेल्या माणसांनाही दात असतात, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या बाकांवर त्याचेच दोन पेशंट होते, आणि एकाची तर परवाचीच वेळ ठरलेली होती. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं चौघांना. 'अरे, त्या डॉक्टरचा हात थरथरतो. कोर्टात सिद्ध झालंय.' मग आपणच विचार करा, ज्याच्या हातात ड्रिल आहे आणि हात ठिकाणावर नाही, त्याच्यापुढे आ कोण करेल? पंधरवड्यात बाकं ओस पडली. ताई काउंटरवर शब्दकोडी सोडवू लागली.

आणि बोलायची सोय नाही. पेशंटला 'मी बरा आहे' म्हणावं, तर तो गावभर सांगणार. ते बायकोच्या वकिलाच्या कानावर जाणार, आणि केस पुन्हा उभी राहणार. म्हणून स्वतःचा धंदा बुडताना बघत हा माणूस दारात उभा राहायचा आणि ओळखीचं कुणी दिसलं की हात थरथरवायचा. चारदोन जुने, विश्वासातले पेशंट होते, त्यांना तो मागच्या दारानं घ्यायचा, चोरून. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं उत्पन्न खरोखर तेवढं झालं, जेवढं त्यानं कोर्टात सांगितलं होतं. आणि खापर कुणावर? 'हिच्यामुळे माझी प्रॅक्टिस बसली,' असं तो ताईला रोज ऐकवायचा. ताई कोड्यातून मान वर काढायची नाही.

राहता राहिली पोर. दर रविवारी ती बसनं यायची, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. पहिल्या रविवारी बापाचा हात बघून ती रडली. त्यानं समजूत काढली नाही, उलट हात जरा जोरातच हलवला. दुसऱ्या रविवारी मात्र तिनं डोळे पुसले आणि कंबर कसली. बापाच्या बाह्यांची बटणं ती लावायची. संत्रं सोलून, बिया काढून फोडी पुढे ठेवायची. कप अर्धाच भरायचा म्हणजे सांडत नाही, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. चमच्याच्या दांडीला कापड गुंडाळून ती जाड केली, पकडायला सोपी जावी म्हणून. कुठल्याशा पुस्तकात वाचून रबरी चेंडू आणला, आणि समोर बसून, 'हं बाबा, दाबा, सोडा, दाबा,' असा व्यायाम घ्यायची. हा घोडा मुकाट्यानं चेंडू दाबत बसायचा.

आणि त्याला ते आवडायचं, हो. अतोनात आवडायचं. जन्मात कुणी त्याचं इतकं कौतुकानं केलं नव्हतं. आठवडाभर तो रविवारची वाट बघायचा. पेशंट गेले होते, बायको गेली होती, ताई धड बोलत नव्हती. एक पोर तेवढी उरली होती, आणि ती ज्या दोरीनं बांधलेली होती ती दोरी खोटी होती. ज्या लेकरानं आपली शाळा या हातापायी सोडली, तेच लेकरू त्या हाताला तेल लावून चोळतंय, आणि हा डोळे मिटून सुख घेतोय. सांगताना सुद्धा चीड येते.

'पोरीला तरी खरं सांग रे,' ताई एकदा म्हणाली.

'म्हणजे तिच्या आईला कळेल.'

'कळू दे.'

'आणि मग ही यायची बंद झाली तर?'

ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून रविवारी ती स्वयंपाकघरातच बसायची. तिला ते बघवत नव्हतं.

नव्या शाळेबद्दल पोर कुरकुर करायची नाही. प्रयोगशाळा आहे का, असं ताईनं विचारलं तर म्हणाली, 'खोली आहे, कुलूप असतं. पण शाळा जवळ आहे ना, आत्या. बसचा त्रास नाही.' बाप शेजारी बसून संत्र्याच्या फोडी खात होता.

मग एका रविवारी ती आली ती ओढणी गालाशी धरून. फारशी बोलली नाही. चेंडूचा व्यायाम घेतला, बटणं लावली, पण स्वतः जेवली नाही. ताईनं ओढणी बाजूला केली, तर गाल टम्म सुजलेला आणि कपाळ तापलेलं.

'केव्हापासून दुखतंय?' ताईनं विचारलं.

'बरेच दिवस झाले.'

'अगं, मग सांगायचं नाही?'

पोर ताईकडेच बघून हळू आवाजात बोलली. 'आईला सांगितलं असतं तर तिला दुसरा डॉक्टर बघावा लागला असता. तिच्याजवळ आत्ता पैसे नाहीयेत. आणि बाबांना सांगितलं असतं तर बाबांना वाईट वाटलं असतं. स्वतः दातांचे डॉक्टर, आणि माझी दाढ बघता येत नाही म्हणून.'

ऐकलंत? दाताच्या डॉक्टरची पोर, आणि दाढ सडवून घेऊन बसली होती. कुणासाठी, तर याला वाईट वाटू नये म्हणून.

त्यानं बॅटरी लावून आत बघितलं. सुरुवातीला आली असती तर त्यानं बोलता बोलता दाढ भरून टाकली असती. आता ती मुळापर्यंत गेली होती, खाली पू झाला होता, आणि आजच्या आज काढली नाही तर ताप चढत जाणार होता. हे सगळं त्याला एका नजरेत कळलं. आणि या बापमाणसानं पहिली गोष्ट काय करावी? फोन उचलला. एका डॉक्टरला लावला, दुसऱ्याला लावला. रविवार होता. दोघांचेही दवाखाने बंद होते.

'तू काढ,' ताई म्हणाली.

'माझा हात—'

'तू काढ म्हणते ना.' शाळेत असताना तो अभ्यास टाळायचा तेव्हा वापरायची तो आवाज तिनं काढला होता.

तिघंही दवाखान्यात आली. पोर खुर्चीत बसली, दिवा लावला. त्यानं इंजेक्शन भरलं, ते तिच्या तोंडाशी नेलं, आणि पोर त्या सुईकडे डोळे मोठे करून बघतेय हे दिसताच त्याला कोर्ट आठवलं, वकील आठवला, रविवार आठवले. आणि त्यानं हात हलवला. खरंच हलवला. स्वतःच्या पोरीच्या तोंडाशी सुई धरून.

पोर घाबरली, पण मागे सरली नाही. तिनं दोन्ही हात वर केले आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. 'मी धरते, बाबा,' ती म्हणाली. 'तुम्ही द्या.'

आता मात्र तिच्या हिरडीत सुई जाणार होती, आणि थरथरण्याचा कितीही सराव केलेला असला तरी शेवटी हात दातांच्या डॉक्टरचा होता. तो थांबला. सुई अलगद गेली. पोरीला वाटलं, आपण धरल्यामुळेच थांबला, म्हणून तिनं पकड आणखी घट्ट केली. गाल बधिर झाल्यावर त्यानं दाढ काढायचा चिमटा उचलला, तरी तिनं मनगट सोडलं नाही. त्यानं दाढ हलवली, सैल केली, फिरवली, आणि ती मुळासकट बाहेर आली. अवघड काम होतं. इतकं सफाईदार काम त्यानं कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.

त्यानं तिच्या तोंडात कापसाचा बोळा दिला आणि दाढ दिव्याखाली धरली. तिन्ही मुळं शाबूत. बघतच राहिला. धंद्यातल्या माणसाला आपल्या कामाचा मोह असतोच, आणि त्या मोहात हा सगळं विसरला. पोरीनं केव्हाच मनगट सोडलं होतं. हात एकटाच दिव्याखाली होता, चिमट्यात दाढ होती, आणि तो ती अशी इकडून तिकडून वळवून बघत होता.

'बाबा,' बोळ्याआडून पोर म्हणाली. 'हात.'

तिचे डोळे भरून आले होते. ती खुर्चीत उठून बसली. सुजलेला गाल, तापलेलं तोंड, आणि ती हसत होती. 'बरा झाला, बाबा. आत्या, बघ ना, बरा झाला. चेंडूचा उपयोग झाला. मी आईला फोन करते.'

'नको,' तो म्हणाला.

तो इतका चटकन म्हणाला, की ताईनं मान दुसरीकडे वळवली.

'का?'

'आत्ताच नको,' तो म्हणाला. 'कुणालाच सांगायचं नाही. कोर्टाच्या भानगडी असतात, तुला नाही कळायच्या.'

पोर त्याच्याकडे बघत राहिली. तिचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. आणि ते जाताना बघून या माणसानं काय केलं असेल? तो चिमट्यातली दाढ ट्रेमध्ये ठेवायला गेला आणि जाता जाता हात थरथरवू लागला. दाढ ट्रेच्या कडेवर वाजली आणि खाली पडली.

पोर खुर्चीतून उतरली. तिनं दाढ उचलून ट्रेमध्ये ठेवली. मग थोडा वेळ त्याच्या हलत्या हाताकडे ती बघत उभी राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तशी.

'थांबवा, बाबा,' ती म्हणाली. 'इथं कोण बघतंय?'

त्यानं हात थांबवला.